साडीतली आडवी रेघ

बेळगावच्या वडगावात यंत्रमाग चालवणाऱ्या ओळखीच्या एका विणकरानं परवा साडी उजेडात धरून दाखवली. विणीत बारीकशी आडवी रेघ होती. "हे बघा सर, हितं मी रील बघायलो होतो." बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला, माग तसाच चार ठोके चालला आणि याचे डोळे मोबाईलमध्ये. मजुरीतून पैसे कापले गेले ते वेगळंच.

मला मात्र त्याचा हेवा वाटला. त्याचं लक्ष उडालं की कापडात दिसतं. मी टिळकवाडीत घरी बसून दुकानदारांचे हिशेब करतो, त्यात अशी रेघ उठत नाही. संध्याकाळी काम अर्धंच असतं आणि आपण म्हणतो, आज कामच फार होतं.

त्याच आठवड्यात ग्रुपवर 'डोपामिन उपवास' फिरत होता. एक दिवस मोबाईल बंद ठेवा, मेंदूत साठलेलं 'आनंदाचं रसायन' उतरेल! डोपामिन खरंच असं उतरलं असतं तर धडकीच भरायला हवी. ते बनवणाऱ्या पेशी मरतात तेव्हा पार्किन्सन होतो, हात थरथरतात, पाऊल उचलत नाही. शिवाय संकष्टी चंद्रोदयाला सुटते. हा उपवास कधी सोडायचा ते फॉरवर्डमध्ये नव्हतं.

आनंदाचं रसायन ही ओळखही अपुरीच. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची टिकटिक, म्हणजे त्यांचे विजेचे बारीक स्पंद मोजले. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात टिकटिकायच्या. मग रसाआधी खूण दाखवायला सुरुवात केली. माकड शिकलं, आणि टिकटिक रसावरून खुणेवर सरकली. रस मिळाला तरी पेशी ढिम्म! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी टिकटिक नेहमीपेक्षाही खाली गेली. 1997 मध्ये शुल्त्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ लावला: या पेशी सुख मोजत नाहीत, अंदाज किती चुकला ते मोजतात.

म्हणजे साधी वजाबाकी. चूक = मिळालं वजा अपेक्षित. अपेक्षा 4 ची होती, मिळाले 10, चूक अधिक 6. या चुकीचा थोडा भाग, समजा दहावा, जुन्या अपेक्षेत मिळवायचा: 4.6. पुन्हा 10 मिळाले तर चूक 5.4, नवी अपेक्षा 5.14. असं करत अपेक्षा 10 च्या जवळ जाते, चूक शून्याकडे येते आणि पेशी शांत होतात. रोज सकाळी दारात 'तरुण भारत' पडतो तेव्हा आपण उडी मारून उठत नाही, ते यामुळेच. पण कधी 0, कधी 10, कधी 2 असं बेभरवशाचं मिळत राहिलं, तर चूक कधीच मिटत नाही. 2003 च्या प्रयोगात तर खूण दिसल्यापासून रसाच्या वेळेपर्यंत टिकटिक हळूहळू चढत जाताना दिसली, आणि रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा ती सर्वात जास्त चढली. खात्री असताना नव्हे, मिळेल की नाही हे कळत नसताना!

आता अंगठ्यानं मोबाईलचा पडदा खाली ओढून सोडा. गोल फिरतंय. काय येईल?

म्हणून फोनवर किती तास गेले यापेक्षा हात किती वेळा गेला हे मला जास्त बोलकं वाटतं. दहा सेकंदांची डोकावणीही फुकट नसते. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा काही भाग मागच्यातच अडकून राहतो. माझ्या बाबतीत तो बेरजेत सापडतो: एकच ओळ तिसऱ्यांदा वाचत असलो की समजायचं.

विणकराचं पाहून मीही कापड शोधलं. कीबोर्डशेजारी कागद ठेवला आणि हात फोनकडे गेला की एक काडी ओढायची. काडी ओढायची, एवढंच. हात आवरायचा नाही. गेल्या मंगळवारी 10 ते 11 या तासात 9 काड्या झाल्या. त्यातल्या सात वेळा फोनवर काहीच नव्हतं. आठव्या वेळी गॅस सिलिंडर पोचल्याचा मेसेज होता, आणि सिलिंडर तर दारातच उभा होता.