खांब नेमका जमिनीच्या रेषेतच का मोडतो?

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो, गुहागरच्या बाजूला, तेव्हा परसातल्या कुंपणाच्या एका खांबाला ओली छत्री टेकवायला गेलो तर खांबच आडवा झाला. तीन पावसाळे, बस. चार इंची चौकोनी पाइनवुडचा खांब, वरून तीन हात वॉर्निश, खाली दीड फूट काँक्रीटमध्ये पुरलेला. मागच्या अंगणातला डेक (लाकडी फळ्यांचा ओटा) आणि हे कुंपण एकाच ठेकेदाराने एकदमच केलं होतं आणि माल "ट्रीटेड" आहे, म्हणजे कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेला आहे, असं छातीठोक सांगितलं होतं.

काकांनी पहार आणि घण आणून काँक्रीट फोडलं, खालचा तुकडा बाहेर काढला आणि दोन्ही तुकडे पडवीत शेजारी शेजारी ठेवले. वरचा चार फुटांचा भाग ठणठणीत, रंधा मारला तर नवा वाटेल. खालचं टोक पाण्याने गच्च झालेलं, काळपट, पण स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत जाईना. मधला सहा-सात इंचाचा पट्टा मात्र संपलेला. लाकडाचा रंग चॉकलेटी, आडवे-उभे तडे जाऊन छोटे छोटे चौकोनी ठोकळे झालेले, चुलीतल्या अर्धवट जळलेल्या लाकडाला पडतात तसे, आणि एक ठोकळा चिमटीत धरून दाबला तर त्याचा भुगा झाला, हळदीसारखा मऊ.

काका म्हणाले, "पाण्याने खाल्लं रे, कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार." सगळे हेच म्हणतात आणि इथेच गडबड आहे. पाण्याने खाल्लं असतं तर सगळ्यात जास्त पाण्यात असलेलं खालचं टोक आधी जायला हवं होतं. ते तर शाबूत होतं!

पाणी एकटं लाकूड कुजवत नाही. ॲमस्टरडॅमचा १७व्या शतकातला राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे, ते खांब चिखलात, पाण्याच्या पातळीखाली ठोकलेत आणि अजून वजन पेलतायत. स्वीडनचं वासा नावाचं जहाज १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत बुडालं आणि १९६१ मध्ये म्हणजे ३३३ वर्षांनी वर काढलं तेव्हा त्याचा सांगाडा जवळजवळ अखंड होता. (आपल्या समुद्रात हे झालं नसतं, इथे लाकूड पोखरणारे समुद्री किडे आहेत, स्वीडनजवळच्या बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात ते टिकत नाहीत.) उलट ॲमस्टरडॅममध्ये जिथे जिथे भूजल खाली जातं आणि खांबांची डोकी उघडी पडतात, तिथे ती डोकी कुजायला लागतात. म्हणजे पाणी कमी झाल्यावर कुजणं सुरू!

लाकूड खाते ती बुरशी. बुरशीला आपल्यासारखंच अन्न, पाणी आणि ऑक्सिजन लागतो, तिन्ही एकाच ठिकाणी. अन्न म्हणजे लाकूड, ते तर आहेच. पाण्याचं गणित असं, की कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी पेशींच्या भिंतीतच मुरून राहतं, त्याच्या वर गेलं की पेशींच्या पोकळीत मोकळं पाणी जमायला लागतं आणि बुरशीला हे मोकळं पाणी हवं असतं. म्हणून बांधकामवाले २० टक्क्यांखाली लाकूड सुरक्षित धरतात. आता ऑक्सिजन. तो हवेतून जेवढ्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो, त्यामुळे पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की आतली बुरशी गुदमरते. खांबाचं खालचं टोक ओलं आहे पण तिथे हवा नाही, वरच्या भागाला हवा आहे पण तो पाऊस थांबला की वाळतो, आणि जमिनीच्या रेषेपाशी माती ओल धरून ठेवते, हवाही पोचते आणि कोकणात तर बुरशीला आवडणारं २५-३० डिग्री तापमानही जवळजवळ वर्षभर. मेजवानीच आहे ती.

अजून एक गोष्ट त्या रेषेवर मिळते जी वर मिळत नाही. लाकडात नायट्रोजन अगदी नगण्य असतो, एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी, नुसतं लाकूड खाऊन बुरशीला स्वतःची प्रथिनं बनवणं जड जातं. पण जमिनीला टेकलेल्या लाकडातली बुरशी आपले तंतू मातीत पसरते, तिथून नायट्रोजन आणते, लोह आणते आणि लाकडात घेऊन जाते. त्यातलं लोह लक्षात ठेवा, पुढे त्याचाच खेळ आहे.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट आता सांगतो, थोडी रसायनाची आहे पण सोडू नका. लाकडाच्या पेशीची भिंत म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि सगळं घट्ट बांधणारं लिग्निन, सळ्या आणि काँक्रीट असतं तसंच. सेल्युलोज तोडायला एन्झाइम, म्हणजे पचन घडवणारं प्रथिन, लागतं. पण एन्झाइमचा रेणू आकाराने मोठा, आणि धडधाकट पेशीभिंतीतली छिद्रं त्याच्यापेक्षा बारीक, त्यामुळे एन्झाइमला आत शिरताच येत नाही. दाराला कुलूप आणि चावी दारापेक्षा मोठी अशी परिस्थिती. मग आमच्या खांबाचे ते चॉकलेटी ठोकळे करणारी बुरशी (हिला तपकिरी कूज करणारी म्हणतात) काय करते, तर ती आधी ऑक्झॅलिक ॲसिड सोडते. हे ॲसिड लोहाला धरून विरघळवतं. बुरशी या लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिकचं फेरस करते आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, तेच जे जखमेवर टाकल्यावर फसफसतं. फेरस लोह आणि पेरॉक्साइड भेटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्माला येतो. शाळेत शिकलात का आठवत नसेल, पण हा रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी असलेला, अत्यंत वखवखलेला कण, समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि तो इतका छोटा असतो की भिंतीच्या छिद्रांचा त्याला अडसरच नाही. तो सेल्युलोजच्या साखळ्या मधूनच तोडतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावं लागतं, म्हणजे बुरशीला तो स्वतःजवळ बनवून चालत नाही (तीच जळेल), तो भिंतीच्या आतच तयार व्हावा लागतो, आणि लोह व पेरॉक्साइड हे दोन्ही छोटे असल्याने आत जाऊन तिथे भेटतात. कुलूप तोडायला सुरुंग आत पाठवला, आणि दार मोडलं की मग एन्झाइम निवांत येऊन जेवतात.

हे वाचल्यापासून मी कुजलेल्या लाकडाकडे वेगळ्या नजरेने बघतो. डोळा नाही, मेंदू नाही, आणि ही रसायनाची आतषबाजी!

याचा एक वाईट परिणाम म्हणजे, साखळ्या मधून तुटल्यामुळे लाकडाची ताकद फार आधी जाते. वजन जेमतेम ५-१० टक्के घटलेलं असतं, बाहेरून रंग-वॉर्निश छान दिसतं आणि ताकद निम्म्याहून जास्त संपलेली असू शकते. डेकच्या कठड्याला टेकून उभं राहणाऱ्या माणसाने हे नीट ऐकावं.

आता त्या "ट्रीटेड"चं. आमच्या उरलेल्या फळ्यांमधल्या एकीवर गव्हाच्या कणसाच्या चित्राचा शिक्का होता आणि शेजारी एचटी अशी अक्षरं. ठेकेदाराने तोच शिक्का ट्रीटमेंटचा पुरावा म्हणून दाखवला होता. एचटी म्हणजे हीट ट्रीटेड हे खरं, पण तो शिक्का आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या पॅकिंगच्या लाकडासाठी असतो, एका देशातले किडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून लाकडाचा गाभा ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवतात. त्याने त्या दिवशी आत असलेले किडे मरतात, इतकंच. नंतर येणाऱ्या बुरशीला किंवा वाळवीला अडवणारं त्यात काहीही नाही. हल्ली जुन्या पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या आणून डेक, कुंपण, बाकडी करायची टूम आहे, त्या सगळ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि गंमत बघा, न्यूझीलंडहून आपल्याकडे येतो तो रेडिएटा पाइन त्यांच्याच देशात जमिनीत पुरायचा असेल तर एच-४ दर्जाची रासायनिक प्रक्रिया लागते, नुसत्या डेकच्या फळीलासुद्धा एच-३ लागते. तिथले लोक आपल्या लाकडाला ओळखून आहेत. आपण तेच लाकूड कोरं आणून तीन हजार मिलिमीटर पावसात रोवतो.

खरी प्रक्रिया म्हणजे काय, तर लाकूड बंद टाकीत घालून आधी आतली हवा ओढून घेतात, मग औषधाचं पाणी सोडतात आणि दाब देऊन ते खोल शिरवतात. ही पद्धत इंग्लंडच्या जॉन बेथेलने १८३८ मध्ये आणली, रेल्वेच्या स्लीपरसाठी. त्यात पुढे वापरल्या गेलेल्या एका औषधाचा इतिहास मात्र आपला आहे आणि तो मराठीत फारसा कुणी सांगत नाही. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना आणि तांबं पचवणाऱ्या काही बुरशींना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाला चिकटवून ठेवतं, म्हणजे पावसाने धुऊन जात नाही. पुढची कित्येक दशकं अमेरिकेतली घराघरातली हिरवट डेक आणि कुंपणं याच औषधावर उभी होती. आर्सेनिकच्या काळजीमुळे २००३ च्या अखेरीस तिथे घरगुती वापरासाठी ते थांबवलं गेलं आणि तांब्याची दुसरी मिश्रणं आली. त्यात तांबं जास्त असल्याने साधे खिळे लवकर गंजतात, म्हणून जाड गॅल्व्हनाइज किंवा स्टेनलेसचे स्क्रू लागतात. तसलं जुनं हिरवट लाकूड कुठे मिळालं तर चुलीत अजिबात घालू नका, धूर आणि राख दोन्हीत आर्सेनिक येतं.

आमच्याकडे शेजारचे एक आजोबा म्हणाले, लाकूड अमावस्येला तोडलं असतं तर हे झालं नसतं. बांबूबद्दल तर हे सगळ्या गावात ऐकू येतं. बांबूला भोकं पाडणारा भुंगेरा त्यातल्या स्टार्चसाठी येतो आणि स्टार्च ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे पाऊस संपल्यावर थंडीत तोडलेला बांबू जास्त टिकतो यात तथ्य आहे. पण कोंब फुटायच्या दिवसांत अमावस्येला तोडून उपयोग नाही आणि डिसेंबरात पौर्णिमेला तोडून नुकसान नाही, महिना बघा, तिथी नको. तसंच दुसऱ्या टोकाला "लाइफटाइम वॉटरप्रूफ" म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूपीसीच्या (वुड-प्लास्टिक कंपोझिटच्या) फळ्या. चांगला माल मिळतो, नाही असं नाही, पण त्यातला डब्ल्यू म्हणजे वुड, आत लाकडाचा भुसाच असतो, कापलेल्या टोकांतून तो हळूहळू पाणी पितो, आणि उन्हात ही फळी लांबीला साध्या लाकडापेक्षा जास्त वाढते, टोकांना फट सोडली नाही तर फुगून वर उचलते.

काँक्रीटबद्दल सांगायलाच हवं कारण सगळे तिथेच फसतात. खांबाभोवती काँक्रीट ओतलं की आपल्याला वाटतं लाकूड मातीपासून वाचलं. होतं उलटं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, काँक्रीट आकसत नाही, दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पहिल्या पावसात तिच्यात पाणी उतरतं आणि बाहेर पडायला जागा नाही, म्हणजे आपण खांबाला आयुष्यभरासाठी पेल्यात उभा केला. त्यात लाकडाच्या नळ्या उभ्या असतात, आडव्यापेक्षा उभ्या दिशेने पाणी कितीतरी पटीने जास्त चढतं, त्यामुळे कापलेलं टोक ही लाकडाची सगळ्यात तहानलेली जागा. सागवानाच्या गाभ्यात या नळ्या पुष्कळशा बुजलेल्या असतात, शिवाय बुरशी आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून आजोबांच्या वेळचे खांब अजून उभे. पण गाभ्याचेच, हां. सागाचा बाहेरचा पांढरट भाग पाइनइतकाच कच्चा, आणि आजकालच्या कोवळ्या सागात तोच जास्त असतो.

दिवाळीत आम्ही काम परत केलं. मागच्या हद्दीला लाकडी खांब घातलेच नाहीत, गिरीपुष्पाचे आणि पांगाऱ्याचे मेढे रोवले. त्यांना पालवी फुटली, जिवंत झाडाचं खोड पाण्याने भरलेलं असतं आणि ते स्वतः बुरशीशी लढतं, त्याला कुणी औषध द्यावं लागत नाही. आमच्याकडे वई अशीच करायचे पूर्वी, आणि चिऱ्याचे गडगे. पुढच्या बाजूला मात्र घरच्या जुन्या सागाचे खांब, बाहेरचं पांढरं तासून टाकलेलं, वरचं टोक उतरतं कापून त्यावर पत्र्याची टोपी. खाली काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या चार इंच वर आणलेला, चारी बाजूंनी उतार दिलेला, त्यात गॅल्व्हनाइज लोखंडाची खुर्ची, म्हणजे खांब उचलून धरणारी बैठक, आणि त्या खुर्चीत खांब. लाकूड मातीला कुठेच टेकत नाही, खांबाच्या बुडाखाली इंचभर मोकळी जागा आहे. डेकच्या फळ्यांमध्येही पाच-सहा मिलिमीटरची फट सोडली, आणि समुद्र जवळ म्हणून स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे.

काकांना ती इंचभर जागा आधी पटली नव्हती, खांब अधांतरी वाटतो म्हणाले. मी त्यांना म्हटलं वाळवी लोखंडावरूनही चढू शकते, पण तिला मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती नळी इथे उघड्यावर दिसते, काँक्रीटच्या आत दिसली नसती. आता फोनवर सांगतात, सकाळी चहाचा कप घेऊन एक फेरी मारतात, वाकून प्रत्येक खुर्चीखालून बोट फिरवतात, मागच्या आठवड्यात एके ठिकाणी वीतभर नळी सापडली, ती नखाने खरवडून टाकली आणि वर लाकडापर्यंत पोचली नव्हती ते नीट बघून घेतलं.