स्नायू झिजवणाऱ्या आजारांत वजन सांभाळणे

स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या चेतापेशी किंवा खुद्द स्नायूच झिजत जातात, अशा आजारांत रुग्णाचे वजन योग्य मर्यादेत राखण्याची रीत. मोटर न्यूरॉन आजार (एएलएस; यात चेतापेशी झिजतात) आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (लहानपणीच सुरू होणारा स्नायूंचा आजार) ही त्यातली दोन टोके. पहिल्यात वजन उतरू द्यायचे नसते. दुसऱ्यात, किमान शाळकरी वयात तरी, फाजील चढू द्यायचे नसते. एकाचे पथ्य दुसऱ्याला लावले तर अपाय होतो.

एएलएसमध्ये घास तोंडापर्यंत नेणे, चावणे, गिळणे सगळेच थकवते. शिवाय बऱ्याच रुग्णांचे शरीर पडल्यापडल्याही नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळते. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो उतरले, म्हणजे ५ टक्के गेले; तेवढ्यावरच डॉक्टरांना गाठावे. घरात मात्र ‘वजन उतरलं, बरंच झालं’ असे म्हटले जाते. मधुमेहाचे किंवा कोलेस्टेरॉलचे जुने पथ्य तसेच चालू ठेवायचे का, हेही नव्याने विचारून घ्यावे.

वजन दर महिन्याला करावे. उभे राहता येत नसेल तर धान्याची पोती मोजायच्या सपाट काट्यावर चाकाच्या खुर्चीसकट घ्यावे, मग रिकामी खुर्ची मोजून वजा करावी. गादी दोन्ही वेळा खुर्चीतच असू द्यावी, नाहीतर हिशेब चुकतो. काटा फसवतोही. ड्युशेनमध्ये स्नायूंची जागा चरबी घेते, त्यामुळे आकडा ठीक दिसूनही चरबी वाढलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात दोन दिवसांत किलोभर उतरले तर ते बहुधा पाणी असते. ठसक्याच्या भीतीने रुग्ण पाणीच टाळतो.

खानदेशी ताटात ऊर्जा भरपूर आहे, अडचण पोताची आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कोरडी दिली तर तिचा चुरा घशात पसरतो. ती गरम दुधात किंवा दाट वरणात पूर्ण भिजवून, कुस्करून द्यावी. शेवभाजीत पातळ रस्सा आणि शेव एकाच घासात येतात, तिखटाने खोकलाही उठतो, म्हणून गिळण्याचा त्रास असलेल्यांना ती धोक्याची. वांग्याचे भरीत मात्र उत्तम. त्यातले अख्खे शेंगदाणे, कांद्याची पात आणि राहिलेली साल काढून टाकावी, मिरची कमी करावी, ते बारीक घोटावे आणि वरून तेल सोडावे. तेल किंवा तुपाच्या ५ ग्रॅमच्या चमच्यातून ४५ कॅलरी मिळतात, घास मात्र वाढत नाही. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात, पण कूट कोरडा भुरभुरू नये; भाजीत शिजवून गुळगुळीत वाटावा. केळे दुधात नीट घोटलेले असावे, तुकडे राहू नयेत.

थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे. ताठ बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. जेवणाला रोज अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागू लागला, घशात पाणी अडकल्यासारखा ओला आवाज किंवा वारंवार ठसका आला, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अन्न देण्यासाठी पोटाच्या त्वचेतून थेट जठरात बसवायच्या नळीचा (पेग) निर्णय लांबवू नये: श्वासाची क्षमता निरोगी माणसात अपेक्षित असते तिच्या ५० टक्क्यांखाली गेली की ती बसवण्यातला धोका वाढतो. नळी असतानाही, गिळणे सुरक्षित असेल तोवर, चवीपुरते तोंडाने खाता येते.

ड्युशेनच्या मुलांना आजार मंदावण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे सतत भूक लागते आणि हालचाल घटत जाते. वाढलेले वजन चालणे, उचलणे आणि श्वास, तिन्ही जड करते. इथे शेव-फरसाण, गोड सरबते कमी करावीत, पण उपाशी ठेवू नये. डाळ, दूध, अंडी चालू राहावीत. स्टेरॉइड मनाने बंद करणे घातक ठरते. किशोरवय सरता सरता गिळणे मंदावून हीच मुले हडकू लागतात, तेव्हा तूप-तेलाचा हात पुन्हा सैल करावा लागतो.