इमारतींची ऊर्जा संहिता राज्यात लागू कशी होते? कोणाला बंधनकारक, कागदपत्रं कोणती?

केंद्राने ईसीबीसी, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (इमारतीत वीज कमी लागावी यासाठीचे किमान नियम), जाहीर केली की ती आपल्या महापालिकेतही आपोआप सुरू होते, हा गैरसमज आधी दूर करू. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ च्या कलम १५ नुसार राज्य सरकार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोशी (बीईई) विचारविनिमय करून तिथल्या हवामानाप्रमाणे संहितेत बदल करू शकतं. ते गरजेचंच आहे. मुंबई उष्ण-दमट विभागात, नागपूर संमिश्र विभागात; दोन्हीकडे एकच भिंत कशी चालेल? तांत्रिक काम राज्याची नियुक्त यंत्रणा पाहते, आपल्याकडे महाऊर्जा (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण). मग राजपत्रात अधिसूचना निघते.

पण खरी मेख पुढेच आहे. बांधकाम परवानगी देते महापालिका, आणि ती चालते विकास नियंत्रण नियमावलीवर. त्या नियमावलीत ही अट आली नाही तर अधिसूचना फाइलमध्येच राहते. हैदराबादने ही तपासणी थेट ऑनलाइन परवानगीला जोडली, म्हणून तिथे ती टाळता येत नाही. माझ्या मते सगळ्या राज्यांनी हाच मार्ग धरावा.

कोणाला लागू? जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एकूण क्षमता) १०० किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) १२० केव्हीए वा त्याहून जास्त असलेल्या व्यावसायिक इमारतींना. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ जानेवारी २०२३ पासून) निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या आणि राज्यांना ही मर्यादा खाली आणण्याची मुभा मिळाली.

कागदपत्रं: आर्किटेक्टचे नकाशे, भिंत व छताच्या थरांचा तपशील आणि यू-व्हॅल्यूचं (त्यांतून किती उष्णता आरपार जाते त्या आकड्याचं) गणित, दिव्यांचा व एसीचा तक्ता, अनुपालनाचे फॉर्म, आणि काचेचं चाचणी प्रमाणपत्र.

काचेकडे नीट लक्ष द्या. २०१७ च्या संहितेत थंड प्रदेश सोडून इतरत्र पूर्व, पश्चिम, दक्षिणेकडच्या काचेचा एसएचजीसी ०.२७ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाची २७ टक्क्यांपर्यंतच उष्णता आत यावी. नकाशात ही काच असते आणि साइटवर ऐनवेळी स्वस्तातली बसते. डोळ्यांना फरक कळत नाही, एसीच्या बिलात दरमहा कळतो. म्हणून काच साइटवर उतरली की लगेच तिचं लेबल प्रमाणपत्राशी ताडून पाहा आणि खरेदीची बिलं जपून ठेवा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तपासनीस तीच मागतो.