परदेशी निघालेल्या आई-बाबांसाठी: ९११ ला फोन लावलात की आधी पत्ता सांगा

आमच्याकडून तिकीट आणि पॉलिसी घेऊन मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेलं जवळजवळ प्रत्येक जोडपं उठता उठता विचारतं, "तिकडे काही झालं तर इंग्रजीत काय बोलायचं? चार वाक्यं लिहून द्या ना." वाक्यं आम्ही देतोच, खालीही दिली आहेत. पण आजवरचा अनुभव असा, की वाक्यांवाचून फारसं कुणाचं अडलं नाही. अडलं ते पत्त्यापाशी.

मागे एका रात्री बारा वाजता न्यू जर्सीहून एका काकूंचा व्हॉट्सॲपवर फोन आला. तिथे दुपारचे अडीच. काकांना दरदरून घाम फुटलेला, बोलणं असंबद्ध. मुलगा मीटिंगमध्ये, सून गाडी चालवत होती, दोघांचेही फोन लागेनात, म्हणून तिसरा फोन मला. मी म्हटलं, "काकू, आधी ९११ लावा." (९११ म्हणजे अमेरिकेतला इमर्जन्सीचा नंबर.) त्या म्हणाल्या, "लावते, पण पत्ता काय सांगू? ते मोठं तळं आहे ना, त्याच्या मागची कॉलनी." व्हिसाच्या फॉर्मवर मुलाचा पत्ता आम्हीच भरला होता म्हणून बरं. तो काढून एकेक अक्षर सांगितलं, काकूंनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि मग ९११ लावला. काकांची शुगर उतरली होती. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी घरातच ग्लुकोज दिलं आणि काका सावरले. पण या सगळ्यात वीस मिनिटं गेली.

म्हणून कळकळीची विनंती: पहिला फोन आम्हाला नको, मुलालाही नको. डोंबिवलीतून आम्ही तुमच्यासाठी तिथला ९११ लावू शकत नाही, तो तिथूनच लागतो. व्हॉट्सॲपवरूनही लागत नाही, साध्या डायलवरून लावायचा. फोनमधल्या सिमचा प्लॅन संपला असला तरी अमेरिकेत ९११ ला फोन जोडून देणं मोबाइल कंपन्यांना बंधनकारक आहे. इन्शुरन्स कंपनीची परवानगी घेण्यातही वेळ घालवू नका. तिथे १९८६ पासून कायदाच आहे, की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करायची, पैशांचं नंतर. पॉलिसीवरच्या नंबरला हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर, पण पॉलिसीत दिलेल्या मुदतीत कळवा. तो फोन हवा तर आम्ही इथून करू.

आता ९११ वर काय होतं ते. पलीकडून बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो: "व्हॉट इज द ॲड्रेस ऑफ युअर इमर्जन्सी?" आपली माणसं इथेच चुकतात. "सॉरी टु डिस्टर्ब यू मॅडम, ॲक्च्युअली सकाळपासून त्यांना बरं नव्हतं..." अशी सुरुवात होते. माफी नको, सकाळही नको. एवढंच म्हणा: "आय नीड ॲन ॲम्ब्युलन्स. द ॲड्रेस इज..." आणि पुढे घर नंबर, रस्ता, अपार्टमेंट नंबर, गाव. मोबाइलवरून त्यांना साधारण जागा कळते, पण कितवा मजला आणि कुठलं दार हे तुम्हीच सांगायचं. त्यानंतर फोन कट झाला तरी गाडी निघालेली असते.

घर नंबर एकेक आकडा सुटा करून सांगा. फोनवर आपलं थर्टीन आणि थर्टी त्यांना सारखंच ऐकू येतं. १४३० असेल तर "वन, फोर, थ्री, झिरो". दुसरी अडचण व्ही आणि डब्ल्यूची. मराठीतला 'व' या दोन्हींच्या मधला, त्यामुळे आपल्या तोंडचे हे दोन्ही त्यांना बऱ्याचदा सारखेच ऐकू येतात. रस्त्याच्या नावात यातलं एखादं अक्षर असेल तर "व्ही ॲज इन व्हिक्टर", "डब्ल्यू ॲज इन विल्यम" हे पाठच करून ठेवा.

पत्त्यानंतर ते विचारतात, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का. इथली एक खोच कुठल्याही इंग्लिश स्पीकिंगच्या पुस्तकात मी पाहिली नाही. समजा, त्यांनी विचारलं, "ही इज नॉट ब्रीदिंग?" मराठीत आपण म्हणतो "हो", म्हणजे हो, नाही घेत. इंग्रजीत त्याच अर्थाने "नो" म्हणतात. घाबरलेल्या माणसाला हा फरक आठवत नाही. म्हणून येस-नो सोडा, पूर्ण वाक्य बोला: "ही इज ब्रीदिंग" किंवा "ही इज नॉट ब्रीदिंग". हुंकार तर मुळीच देऊ नका. आणि ही-शीमध्ये गोंधळ होत असेल, मराठीत 'ही' म्हणजे बाईमाणूस असल्यामुळे तो होतोच, तर सरळ "माय हसबंड", "माय वाइफ" म्हणा. "माय हसबंड इज नॉट ब्रीदिंग." यात चूक व्हायला जागाच नाही.

त्रास सांगताना आपल्याकडचे काही शब्द इथेच ठेवून जा. "ही इज सिरियस" याचा तिथे अर्थ होतो, ते गंभीरपणे बोलताहेत, थट्टा करत नाहीत. "लूज मोशन"ऐवजी "डायरिया". "गॅस झालाय" हे निदान आपण करायचंच नाही, छातीत काय होतंय तेवढं सांगायचं: दडपण असेल तर "प्रेशर इन द चेस्ट", चमक असेल तर "शार्प पेन", जळजळ असेल तर "बर्निंग", कळ डाव्या हातात जात असेल तर "इट इज स्प्रेडिंग टु द लेफ्ट आर्म". आपल्या एका 'चक्कर'मध्ये दोन गोष्टी येतात. गरगरतंय ते "डिझी", शुद्ध गेली ते "पास्ड आउट". त्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. दम लागलाय तर "शॉर्ट ऑफ ब्रेथ", मुंग्या येताहेत तर "टिंगलिंग", हात बधिर झालाय तर "नम".

तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एक हात उचलेना, तर वाक्य असं: "आय थिंक इट इज अ स्ट्रोक. ही वॉज नॉर्मल ॲट टेन पीएम." शेवटचं बरं असल्याची वेळ न विसरता सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास याच वेळेपासून मोजतात.

ब्रिटनला जाणाऱ्यांना नंबर ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडला १११, युरोपात ११२, कॅनडात ९११. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आधी कुठली सेवा हवी ते विचारतात, तिथे "ॲम्ब्युलन्स" एवढा एक शब्द पुरतो. इंग्रजी अगदीच जमत नसेल तर पत्ता सांगून झाल्यावर "हिंदी इंटरप्रिटर, प्लीज" म्हणा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फोनवरच दुभाषा जोडून देतात. मराठीही मागता येतो, पण हिंदीचा लवकर मिळण्याची शक्यता जास्त.

औषधांची नावं हा आमचा आग्रहाचा विषय. क्रोसिन, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन ही नावं तिथल्या डॉक्टरला ओळखीची नसतात. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्यालाही अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. अस्थालिनमधल्या साल्ब्युटामॉलला तिथे अल्ब्युटेरॉल म्हणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि माणूस पडला असेल, तर फोनवरच सांगा: "ही टेक्स अ ब्लड थिनर." पेनिसिलिन किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर "शी इज ॲलर्जिक टु पेनिसिलिन."

काही जण नाराज होतात, की पॉलिसी घ्यायला आलो तर हे वीस मिनिटं बसवून पत्ता मोठ्याने म्हणायला लावतात. "मुलं आहेत ना तिकडे" असंही म्हणतात. मुलं आहेत, पण दिवसभर कामावर असतात आणि घरात तुम्ही दोघंच. दोघांपैकी जो आजारी नाही त्याने बोलायचं असतं, म्हणून आम्ही दोघांनाही म्हणायला लावतो. खास करून काकूंना, कारण "हे बोलतील" असं म्हणून त्या मागे सरकतात. फॉर्मवर बीपी, डायबेटिस लिहायला लावतो तेही याचसाठी. त्याने प्रीमियम थोडा वाढतो, हे खरं. पण लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो तेव्हा आमच्या हातात काही उरत नाही.

पॉलिसीसोबत जाड कागदाचं एक कार्ड मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वर मोठ्या अक्षरांत मुलाचा पत्ता देवनागरीत, जसा उच्चारायचा तसा. खाली औषधं, ॲलर्जी आणि पॉलिसीचा नंबर. एक फ्रिजवर लावायला, एक पाकिटात ठेवायला. तिकीट दुसरीकडून काढलं असेल तरी पॉलिसी आमची असली की कार्ड मिळेल. येताना चालू औषधांची चिठ्ठी आणि मुलाचा अपार्टमेंट नंबरासह पूर्ण पत्ता आणा, दोघंही या. शनिवारी सकाळी गर्दी कमी असते.