वॉल्टर प्लाऊराइट आणि रानातली बुळकांडी

वॉल्टर प्लाऊराइट (१९२३–२०१०) हे इंग्लंडमधल्या लिंकनशायरचे पशुवैद्य आणि विषाणू संशोधक. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस काढणारे म्हणून त्यांचं नाव घेतात, ते बरोबरच आहे, पण त्यांचं बरंचसं काम रानातल्या जनावरांवर होतं आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रोग गुरांकडून रानात जातो की रानातून गुरांत येतो, हे त्यांनी वेगवेगळ्या रोगांत शोधलं आणि दर वेळी उत्तर वेगळं निघालं.

आधी बुळकांडी. ताप, डोळ्यानाकातून गळती, तोंड सोलवटणं, मग पाण्यासारखी हगवण आणि आठ-दहा दिवसांत जनावर गेलंच समजा. आपल्याकडे १८८९ ला पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली (तीच पुढे मुक्तेश्वरला हलली, आजची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था), तिच्या कामात हा रोग अगदी सुरुवातीपासून होता. आफ्रिकेत तो १८८७ च्या सुमाराला एरिट्रियात शिरला, बहुधा भारतातून नेलेल्या गुरांबरोबर, आणि दहा वर्षांत पार खाली दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरं तर मेलीच, पण रानम्हशी, कुडू आणि वाइल्डबीस्ट (आफ्रिकेतली मोठी हरणासारखी जनावरं) यांचेही कळपच्या कळप गेले. मग रोगाचं कोठार रानातच आहे, गुरांना कितीही टोचा तो परत येणारच, असं बऱ्याच जणांना वाटायला लागलं.

प्लाऊराइट १९५६ मध्ये केनियात नैरोबीजवळच्या मुगुगाच्या संशोधन संस्थेत आले. तेव्हा बकऱ्यांमधून तयार केलेली लस वापरात होती, ती काही जातींच्या गुरांना सोसायची नाही. त्यांनी आणि सहकारी फेरिस यांनी विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढवला, एका पिढीतून दुसरीत असा सुमारे ९० वेळा, तोपर्यंत त्याची रोग करायची ताकद गेली पण प्रतिकारशक्ती जागवायची राहिली. एक डोस आणि जवळपास जन्मभराचं संरक्षण. वासरू असो की गाभण गाय, कुठल्याही जातीला चालते, आणि स्वस्त. एकच अडचण, थंडावा लागतो, आणि वाळवंटात गुरांमागे फिरणाऱ्याने बर्फ आणायचा कुठून? उन्हात टिकणारी याच लसीची आवृत्ती पुढे दुसऱ्यांनी काढली.

आता रानाचं काय झालं ते बघा. टांझानियातल्या सेरेंगेटी या गवताळ रानाच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली, रानातल्या एकाही प्राण्याला नाही. प्लाऊराइट आणि त्यांचे सहकारी वाइल्डबीस्टचं रक्त तपासत होते, आणि १९६३ नंतर जन्मलेल्यांमध्ये बुळकांडीच्या अँटीबॉडी (रोग किंवा लस यांमुळे रक्तात तयार होणारी प्रतिकारद्रव्यं) सापडेनाशा झाल्या. म्हणजे रोग गुरांकडूनच जात होता, गुरांतून थांबला तसा रानातूनही आपोआप गेला. १९६० च्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले! रानावर इतके दिवस उगाचच आळ घेतला होता असं म्हणायला हरकत नाही.

पण लस आहे म्हणजे रोग संपला असं होत नाही. १९६२ ते १९७६ मध्ये २२ आफ्रिकी देशांनी मिळून टोचणीची मोहीम चालवली, रोग जवळजवळ गेला, मग पैसा आटला, लक्ष उडालं, आणि उरलेल्या दोन-चार कोपऱ्यांतून १९८० च्या दशकात तो पुन्हा पसरला. नंतरच्या मोहिमांमध्ये, विशेषतः १९९४ पासूनच्या जागतिक मोहिमेत, वन्यजीव डॉक्टरांना पहिल्यापासून बरोबर घेतलं गेलं. कारण साधं आहे, लस दिलेल्या गुराच्या रक्तात अँटीबॉडी असणारच, त्यावरून विषाणू अजून फिरतोय का ते कळत नाही, रानम्हशीला मात्र कोणी टोचलेलं नसतं, तिच्या पिल्लाच्या रक्तात अँटीबॉडी दिसल्या की समजायचं रोग जवळपास आहे. शेवटची नोंद २००१ मध्ये केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानात झाली, तीही रानम्हशींतच. २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा हा दुसराच रोग. प्लाऊराइटना १९९९ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला होता, ही घोषणा व्हायच्या आदल्या वर्षी ते गेले.

दुसरा रोग मॅलिग्नंट कटारल फीव्हर, गुरांना मारणारा विषाणूचा ताप. इथे दिशा बरोब्बर उलटी. वाइल्डबीस्टला काहीच होत नाही, त्यांच्या तान्ह्या वासरांच्या नाकाडोळ्यांतून विषाणू बाहेर पडतो आणि जवळ चरणारी गाय मरते. तिथले गुरं पाळणारे मसाई लोक वाइल्डबीस्टच्या विणीच्या दिवसांत गुरं त्या कुरणांपासून लांब ठेवतात ती उगाच नाही. प्लाऊराइटच्या टीमने १९६० मध्ये वाइल्डबीस्टमधून तो विषाणू वेगळा केला, लस मात्र जमली नाही.

तिसरा आफ्रिकन स्वाइन फीव्हर, डुकरांचा रोग. वॉर्टहॉगमध्ये (आफ्रिकेतल्या रानडुकरात) विषाणू असतो पण ते आजारी दिसत नाहीत, मग तो टिकतो कसा? १९६९ मध्ये प्लाऊराइट आणि सहकाऱ्यांना टांझानियातल्या प्राण्यांच्या बिळांतून गोळा केलेल्या मऊ गोचिडांत तो सापडला, आणि नंतर असंही दिसलं की गोचिडाची मादी तो अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. हाच रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा भारतात आला. तिथे पसरायला बिळं आणि गोचीड लागत नाहीत, डुकरांची ने-आण, मांस आणि खरकटं एवढं पुरतं, आणि आसामातल्या मानसच्या गवताळ भागातल्या पिग्मी हॉग या छोट्याशा रानडुकरापर्यंत तो पोचू नये याची काळजी वन्यजीव डॉक्टरांना लागून राहिली आहे.