हिंदी साहित्यातील १९३६ हे वर्ष

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या हिंदी साहित्यात छायावादाचा शेवट आणि प्रगतिवादाचा आरंभ यांची सीमारेषा म्हणून १९३६ हे वर्ष दाखवण्याचा प्रघात आहे. जयशंकर प्रसाद, सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’, सुमित्रानंदन पंत आणि महादेवी वर्मा या चौघांच्या आत्मपर, निसर्गरत आणि काहीशा गूढ कवितेला छायावाद म्हणतात, तर शेतकरी, मजूर व सामाजिक अन्याय यांना केंद्रस्थानी आणणाऱ्या नंतरच्या प्रवाहाला प्रगतिवाद म्हणतात. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी त्या वर्षी प्रत्यक्ष छापले गेलेले साहित्य पाहिले, तर एक युग संपून दुसरे सुरू झाल्याचे दिसत नाही. दोन्ही प्रवाहांच्या श्रेष्ठ कृती थोड्याच महिन्यांच्या अंतराने एकमेकींशेजारी उभ्या राहिलेल्या दिसतात.

सीमारेषा १९३६ वर ओढली गेली, त्याचे मुख्य कारण एप्रिलमध्ये लखनौच्या रिफाह-ए-आम सभागृहात भरलेले प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन होय. संघाची कल्पना लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या वर्तुळात, सज्जाद जहीर आणि मुल्कराज आनंद यांच्या पुढाकाराने आकाराला आली होती आणि तिचा जाहीरनामा कथा-कादंबरीकार प्रेमचंदांनी ऑक्टोबर १९३५ मध्येच आपल्या ‘हंस’ मासिकात छापला होता. अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. मुळात लेखक स्वभावतःच प्रगतिशील असतो, तेव्हा हे नाव आपल्याला चुकीचे वाटते, असे त्यांनी अध्यक्षीय भाषणात मोकळेपणाने सांगितले. सौंदर्याची कसोटी बदलली पाहिजे आणि साहित्याने राजकारणामागे न चालता मशाल घेऊन त्याच्या पुढे चालले पाहिजे, ही त्या भाषणातील विधाने पुढे वारंवार उद्धृत झाली. हिंदी साहित्याच्या प्रत्येक इतिहासात स्थान मिळवलेले हे भाषण मुळात उर्दूत झाले होते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

भाषेचा हा प्रश्न त्याच महिन्याच्या अखेरीस नागपुरात ऐरणीवर आला. तेथे राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन आणि महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली. परिषदेचा व्यवहार कोणत्या भाषेत चालवावा यावर वाद झाला. गांधीजींनी सुचवलेला ‘हिंदी-हिंदुस्थानी’ हा जोडशब्द उर्दूचे पुरस्कर्ते मौलवी अब्दुल हक यांना पटला नाही आणि उर्दूचे कैवारी दुरावले. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती याच वर्षी स्थापन झाली. दोन्ही भाषांत लिहिणारे प्रेमचंद नागपुरात हजर होते. ‘हंस’ त्यांनी आदल्या वर्षीच या परिषदेच्या हवाली केला होता. परंतु त्यात छापलेल्या एका नाटकावरून सरकारने एक हजार रुपयांचा जामीन मागितला, तेव्हा परिषदेने तो भरण्याऐवजी मासिकच बंद करण्याचे ठरवले. अंथरुणाला खिळलेल्या प्रेमचंदांनी जामिनाची तजवीज करून ते परत आपल्याकडे घेतले. पैशाला माणसापेक्षा मोठे मानणाऱ्या सावकारी संस्कृतीवरील त्यांचा ‘महाजनी सभ्यता’ हा लेख त्यानंतर ‘हंस’मध्येच आला.

वर्षातील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे ‘गोदान’. ही कादंबरी मुंबईचे हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय आणि बनारसचा सरस्वती प्रेस यांच्याकडून प्रसिद्ध झाली. दारात एक गाय असावी एवढीच होरी या शेतकऱ्याची इच्छा आहे. भोला या गवळ्याकडून उधारीवर आणलेली गाय सख्खा भाऊ विष घालून मारतो. पुढे मुलाने आणलेल्या विधवेला घरात ठेवून घेतल्याबद्दल गावचे पंच होरीला शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य असा दंड ठोठावतात, आणि खळ्यावरचे धान्य तो स्वतःच डोक्यावरून वाहून पंचांकडे पोहोचवतो. शेवटी रस्त्याच्या कामावर ऊन लागून तो मरणपंथाला लागतो, तेव्हा गोदानाचा आग्रह होतो. त्याची बायको धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे नवऱ्याच्या गार पडलेल्या हातावर ठेवते आणि हेच याचे गोदान, असे भटजीला सांगते. वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. दक्षिणेचा हा आकडा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शहरी पात्रांचा भाग सैल आणि चर्चांनी लांबलेला आहे हा आक्षेप खरा आहे, पण होरीची गोष्ट त्याने उणी होत नाही. ‘जामिया’ या उर्दू मासिकात डिसेंबर १९३५ मध्ये आलेली ‘कफन’ ही कथा हिंदीत एप्रिल १९३६ च्या ‘चाँद’मध्ये छापली गेली. सुनेच्या कफनासाठी जमवलेल्या पैशांत दारू आणि पुऱ्या झोडणारे बापलेक तीत रंगवलेले आहेत. गरिबांना सद्गुणी दाखवण्याची गरज लेखकाला येथे उरलेली नाही, आणि म्हणूनच पुढील प्रगतिवादी कथांपैकी अनेकींपेक्षा ती अधिक निर्भय वाटते.

याच वर्षी छायावादाचे महाकाव्य म्हणून ओळखली जाणारी प्रसादांची ‘कामायनी’ आली. जलप्रलयातून वाचलेला मनू, श्रद्धा आणि इडा यांची कथा तीत ‘चिंता’पासून ‘आनंद’पर्यंत पंधरा सर्गांत सांगितलेली आहे. महादेवींचे ‘सांध्यगीत’ आणि निरालांची ‘गीतिका’ हे संग्रहही १९३६ चेच आहेत. पंतांनी मात्र आपल्या संग्रहाला ‘युगांत’ हे नाव देऊन शेवटाची घोषणा स्वतःच करून टाकली.

प्रेमचंदांचे निधन ८ ऑक्टोबर रोजी बनारस येथे झाले. अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती. वाटेत कोणी, कोण गेले, असे विचारले असता दुसऱ्याने ‘कुणी मास्तर होता’ असे उत्तर दिल्याचे त्यांचे पुत्र अमृत राय यांनी लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, २३ ऑक्टोबर रोजी, निरालांनी ‘राम की शक्ति-पूजा’ पूर्ण केली आणि ती २६ तारखेच्या ‘भारत’ या अलाहाबादच्या दैनिकात छापून आली. निराला बंगालमध्ये वाढले होते, आणि कवितेचे कथाबीज कृत्तिवासाच्या बंगाली रामायणातले आहे. दिवसभराचे युद्ध अनिर्णित राहते, देवी रावणाच्या बाजूला असल्याचे रामाला दिसते आणि त्याचे डोळे भरून येतात. जांबवंताच्या सल्ल्याने तो एकशे आठ नीलकमळांनी तिची पूजा मांडतो. शेवटचे कमळ देवी परीक्षेसाठी उचलून नेते, आणि आई आपल्याला राजीवनयन, म्हणजे कमळासारख्या डोळ्यांचा, म्हणत असे हे आठवून राम स्वतःचा डोळा वाहण्यासाठी बाण हातात घेतो. सुरुवातीच्या अठरा ओळी प्रदीर्घ संस्कृत समासांनी इतक्या घट्ट विणलेल्या आहेत की त्या मोठ्याने म्हणताना श्वास पुरत नाही. अन्यायाच्या बाजूलाच शक्ती का, हा प्रश्न लखनौच्या सभागृहात शोभला असता, परंतु तो येथे पूर्णपणे छायावादी भाषेत विचारला गेला आहे. ही एकच कविता सीमारेषेच्या कोणत्या बाजूला ठेवायची, यावर टीकाकारांचे एकमत होणे कठीण आहे.

प्रसादही पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्षयाने वारले. प्रेमचंदांच्या मागे ‘मंगलसूत्र’ या कादंबरीची चार प्रकरणे उरली. तिचा नायक देवकुमार हा आयुष्यभर लिहून हाती काही न उरलेला लेखक आहे.