रुंदीकरणाने कोंडी का सुटत नाही? रस्त्यांच्या इतिहासातली उत्तरे

१८६७ साली न्यूयॉर्कमध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर घोडागाडीतून घरी परतताना वाटेत अडकून पडला. समोर गाड्या होत्या फार तर डझनभर. पण कोणी पुढे जायचे आणि कोणी थांबायचे हे ना गाडीवानांना ठाऊक होते, ना पोलिसांना. तो मुलगा म्हणजे विल्यम फेल्प्स ईनो. ती कोंडी आयुष्यभर लक्षात राहिल्याचे त्याने पुढे लिहून ठेवले. त्यानेच तयार केलेली वाहतुकीची नियमावली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९०३ मध्ये लागू केली. हळू जाणाऱ्याने कडेने जावे, वळताना हाताने इशारा करावा, असे आज अगदी साधे वाटणारे नियम तेव्हा कागदावर उतरवावे लागले.

डझनभर घोडागाड्यांनी झालेली ही कोंडी सुरुवातीलाच सांगतो, कारण रस्ता तुंबला की आपण पहिले बोट गाड्यांच्या संख्येकडे दाखवतो आणि दुसरे रस्त्याच्या रुंदीकडे. वाढत्या शहरांचा दोन हजार वर्षांचा अनुभव मात्र निराळे सांगतो. प्रश्न रुंदीचा कमी आणि रस्ता कोणी, केव्हा, किती वापरायचा या निर्णयाचा जास्त आहे.

रोमला हा निर्णय फार आधी घ्यावा लागला होता. दहा लाखांच्या आसपास वस्ती आणि अरुंद गल्ल्या अशी त्या शहराची अवस्था होती. इ. स. पूर्व ४५ च्या सुमाराच्या कायद्याने सूर्योदयापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे जवळजवळ संध्याकाळपर्यंत, मालवाहू गाड्यांना शहरात बंदी केली. मंदिरांच्या बांधकामाचे सामान आणि पाडकामाचा राडारोडा वाहणाऱ्या गाड्यांना सूट होती. दिवसाची गर्दी रात्रीवर ढकलली गेली आणि लोकांची झोप उडाली. गाड्यांच्या खडखडाटाने झोप लागत नाही, अशी तक्रार पुढे एका रोमन कवीने करून ठेवली आहे. कोंडी कमी करण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच. ती कोणी मोजायची, हे उघडपणे ठरवले जाते की नाही, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये प्रश्न इतका वाढला की माणसे जमिनीखाली गेली. जानेवारी १८६३ मध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, ती वरचे रस्ते घोडागाड्यांनी तुंबले होते म्हणूनच. वाफेच्या इंजिनाचा धूर बोगद्यात कोंडायचा, तरी लोक त्या गाडीने गेले. डिसेंबर १८६८ मध्ये तिथेच, संसदेबाहेरच्या चौकात, जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या माणसाच्या कल्पनेतून पहिला सिग्नल उभा राहिला. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे हलणारे हात आणि रात्री गॅसवरचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरातच गॅसगळतीने स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि ही कल्पना बाजूला पडली. विजेवरचा सिग्नल क्लीव्हलँडमध्ये आला तो थेट ऑगस्ट १९१४ मध्ये, आणि लाल-हिरव्यामध्ये पिवळा दिवा बसवणारा चार दिशांचा खांब १९२० मध्ये डेट्रॉइटच्या एका पोलिसाने उभा केला.

घरे उभी राहण्याआधी रस्ते आखणारी शहरेही होती. न्यूयॉर्कने १८११ मध्ये मॅनहॅटनच्या जवळजवळ सगळ्या मोकळ्या भूभागावर सरळ रस्त्यांचे जाळे कागदावर ओढले, तेव्हा वस्ती फक्त दक्षिण टोकाला होती. बार्सिलोनाच्या विस्तारासाठी इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये जो आराखडा दिला, त्यात साधा रस्तासुद्धा २० मीटर रुंद होता आणि प्रत्येक चौकाचे कोपरे तिरके छाटलेले होते, वळणाऱ्या वाहनांना जागा मिळावी आणि समोरचा दिसावा म्हणून. मोटारीचा शोध लागायला तेव्हा पाव शतक बाकी होते. बहुतेक वेगाने वाढणाऱ्या शहरांत याच्या नेमके उलट घडते. शेतांच्या बांधावरून जाणारी गाडीवाट असते, तिच्या दोन्ही बाजूंना भूखंड पडतात, त्यांवर इमारती चढतात आणि बैलांच्या सोयीने वळलेली वाट कायमची मुख्य रस्ता होऊन बसते. एकदा इमारती झाल्या की त्या वाटेचे वळण बदलणे ही पैशाची आणि न्यायालयाची गोष्ट होते, अभियांत्रिकीची उरत नाही.

आता खड्ड्यांकडे येतो, कारण वाढत्या शहरात कोंडी आणि खड्डे हे वेगळे विषय नाहीत. एका खड्ड्यापाशी प्रत्येक गाडी ब्रेक मारते आणि मागची रांग लांबत जाते.

खड्ड्याचे मूळ सर्वांत नीट ओळखले ते जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने. १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार त्याच्याकडे आला. तोवर समजूत अशी, की भक्कम रस्ता म्हणजे तळाशी मोठे दगड. मॅकॅडमने सांगितले की भार शेवटी खालची माती पेलते आणि माती कोरडी असेल तर ती कितीही भार पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा, मध्ये किंचित फुगीर करा, बाजूला चर खणा आणि वर एकसारखी बारीक खडी पसरा. चाकांखाली ती आपोआप एकमेकांत घट्ट बसते. वरच्या थरातली खडी चाकाच्या रुंदीपेक्षा बरीच लहान हवी, यावर त्याचा कटाक्ष होता. त्यात डांबर नव्हते. मोटारींनी धूळ उडायला लागली तेव्हा खडी बांधून ठेवायला डांबर आले. एडगर हूली याने टारमॅकचे, म्हणजे डांबर मिसळलेल्या खडीचे, पेटंट घेतले ते १९०२ मध्ये. रस्ता टिकतो तो पाण्याच्या निचऱ्यावर, डांबर हे त्याचे छत्र आहे, हा क्रम आज उलटा झाला आहे आणि मला वाटते निम्मे दुखणे तिथेच आहे.

खड्डा पडताना जवळून पाहिला की हे पटते. आधी डांबराला केसासारखी चीर पडते. तिच्यातून पाणी खाली जाते आणि बाजूचे गटार तुंबलेले असेल तर तिथेच मुरते. वरून चाक गेले की ते पाणी दाबाखाली चिरेतून उसळून बाहेर येते आणि येताना खालची बारीक माती घेऊन येते. पावसानंतर चिरेच्या कडेला जो मातकट डाग दिसतो, ती हीच माती. दर चाकागणिक पोकळी वाढते. वरचा डांबराचा पापुद्रा काही दिवस अधांतरी टिकतो आणि मग एखाद्या ट्रकखाली तुटतो. आपल्याला खड्डा दिसतो तो त्या दिवशी, पण तो पडायला सुरुवात फार आधी झालेली असते. अशा ओल्या खड्ड्यात घमेलेभर गरम माल ओतून फावड्याच्या पाठीने थापला तर पुढच्या पावसात तो निघणारच. खड्ड्याच्या कडा चांगल्या थरापर्यंत चौकोनी कापायच्या, तो कोरडा करायचा, पातळ डांबराचा हात मारायचा, थराथराने भरून दाबायचा आणि त्याआधी पाण्याला वाट काढून द्यायची. काम अवघड नाही, पण घाईचे नाही.

अवजड वाहनांचा वाटा किती, हेही मोजले गेले आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून चाचणी घेतली गेली. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळा पट. बांधकामे जोरात असलेल्या शहरात रेती-सिमेंटच्या भरलेल्या गाड्या निवासी गल्लीतून जातात, तेव्हा ती गल्ली शेकडो मोटारींनी झिजली नसती इतकी एका फेरीत झिजते. खोदकामाची गोष्ट तर आणखी सोपी आहे. नवी इमारत म्हणजे नवी जलवाहिनी, नवी केबल, नवा चर. चर सैल मातीने बुजवला की माती बसते, रस्त्यावर पन्हळ तयार होते आणि त्या पन्हळीत पाणी साचते. पॅरिसने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुयारी गटारे इतकी प्रशस्त बांधली की पाण्याचे नळही त्यांतूनच नेता आले. दुरुस्तीसाठी माणूस आत उतरतो, वरचा रस्ता फोडावा लागत नाही.

मोटारीने प्रमाण बदलले. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली, १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. रुंद रस्ते, पूल आणि द्रुतगती मार्ग हे उत्तर मग सगळ्यांनाच स्वाभाविक वाटले. न्यूयॉर्कमध्ये पूल आणि रस्ते बांधणारे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्या कारकिर्दीत ट्रायबरो पूल १९३६ मध्ये खुला झाला. तो भरून गेला आणि जुन्या पुलांवरची गर्दीही हटली नाही. १९३९ मध्ये ब्राँक्स-व्हाइटस्टोन पूल आला, त्याचेही तेच झाले. १९६२ मध्ये अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने याला नियमाचे रूप दिले: शहरी द्रुतगती मार्गावर गर्दीच्या वेळची वाहतूक मार्गाच्या क्षमतेइतकी वाढतेच. कारण गूढ नाही. रस्ता मोकळा झाला की लवकर निघणारा पुन्हा नेहमीच्या वेळी निघतो, वळसा घेणारा सरळ येतो, बस-रेल्वेने जाणारा गाडी काढतो आणि काही वर्षांत लोक आणखी लांब घरे घेतात. अमेरिकेतल्या महानगरांच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दुरांतों आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी दाखवले की महामार्गांची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते.

कोंडी व्हायला अडथळासुद्धा लागत नाही. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना वळण घेणारा, ना खड्डा. सुरुवातीला गाड्या सुरळीत फिरल्या. मग कोणी किंचित वेग कमी केला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. ती थांबलेली गाठ वर्तुळात उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटरने सरकत राहिली. अंतर पुरेसे नसेल तर चांगले चालकही कोंडी करतात.

रस्ता काढून टाकण्याचा प्रयोगही झाला. डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये सिद्ध केले होते की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये २००३ ते २००५ या काळात चंग्येचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडला. त्यावरून रोज दीड लाखाहून अधिक वाहने जात. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. बसमार्गांची फेरआखणी त्याच सुमारास झाली होती, हे मात्र विसरून चालत नाही.

गर्दीच्या वेळी रस्त्याचे भाडे घ्यावे, हा विचार विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९५० च्या दशकात मांडला. पहिल्यांदा तो अमलात आणला सिंगापूरने, जून १९७५ मध्ये. मध्यवर्ती भागात शिरायला काचेवर परवाना चिकटवायचा, दिवसाला तीन सिंगापूर डॉलर. सकाळच्या वेळी आत येणारी वाहतूक ४० टक्क्यांहून अधिक घटली. १९९८ पासून ही वसुली इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने होऊ लागली. सिंगापूरच्या एक वर्ष आधी, १९७४ मध्ये, ब्राझीलच्या कुरितिबाने महापौर जैमे लेर्नेर यांच्या काळात बसला स्वतःची मार्गिका दिली. भुयारी रेल्वेचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून आहे त्याच रस्त्यात सर्वाधिक माणसे नेणाऱ्या वाहनाला आधी जागा दिली.

स्टॉकहोममध्ये सिंगापूरसारखे शुल्क लावायला लोकांचा विरोध मोठा होता, म्हणून जानेवारी ते जुलै २००६ एवढ्यापुरताच प्रयोग ठरला. शुल्क लागणाऱ्या भागाची हद्द ओलांडणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली आणि ३१ जुलैनंतर शुल्क थांबताच ती पुन्हा वाढली. दोन्ही अवस्था एकाच वर्षात अनुभवलेल्या रहिवाशांनी सप्टेंबरमध्ये मतदान केले. शहरात बहुमत शुल्काच्या बाजूने पडले आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायमचे लागू झाले.